गावापर्यंत लोकल हवी? आधी हे बघा
पहिलं म्हणजे रूळ मोजा. डहाणूला 2013 मध्ये लोकल आली, आम्ही जाम खूश, पण विरारच्या पुढे रूळ दोनच, त्याच्यावरच गुजरातच्या एक्सप्रेस आणि मालगाड्या, मग लोकल साइडला उभी आणि दारातली माणसं घड्याळ बघतायत. म्हणून निवेदनात नुसतं "लोकल द्या" लिहू नका, तिसरी-चौथी लाईन आधी मागा.

नाशिकवाल्यांनो, घाटही बघा, कसारा-इगतपुरीचा चढ 1:37 चा, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर, गाड्यांना मागून ढकलायला जादा, म्हणजे बँकर इंजिनं लागतात, साधी लोकल तिथे चालवत नाहीत.

मग सकाळी स्टेशनवर उभं राहून पासवाले मोजा आणि आकडे खासदारांना द्या, भाजीची टोपली घेऊन येणाऱ्या मावश्याही त्यात धरा, टेम्पोचं भाडं त्यांना रोज परवडत नाही हो.