बंदुकीच्या बातमीतला कर्ता कसा शोधावा

१४ जून २०२४, शुक्रवार. न्यू जर्सीत सकाळचे अकरा, नाशिकला रात्रीचे साडेआठ. मी आमच्या दुकानात मेथीच्या जुड्या मांडत होते, तेवढ्यात भाच्याचा मेसेज आला. "मावशी, तुमच्याकडं मशीनगनवरची बंदी उठली म्हणे. जपून राहा गं." सोबत एका वाहिनीच्या पट्टीचा फोटो. मी त्याला एवढंच लिहिलं, "उठली की उठवली? कोणी? रविवारी फोनवर सांग."

त्या रविवारपासून आम्ही दोघं अमेरिकेतल्या बंदुकीच्या बातम्या एका पद्धतीनं वाचतो. तिकडून अशा बातम्या पाहणाऱ्यांना आणि इथं राहून त्यावर घरात भांडणाऱ्यांना ती उपयोगी पडेल म्हणून मांडते आहे.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे माझा काटा कुठं झुकतो ते तुम्हाला कळेल. मी लिबर्टेरियन विचारांची आहे. माणसानं दुसऱ्याला इजा केलेली नाही तोवर सरकारनं त्याच्या घरात, शेतात, खिशात हात घालू नये, असं मला मनापासून वाटतं. हे मी अमेरिकेत येऊन शिकले नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात आई चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला गेली तेव्हा बारा वर्षांची मी तिच्यासोबत होते. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा आमच्या घरात रोजच्या बोलण्यातली होती. आणि ७ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदीची अधिसूचना निघाली तेव्हा भावाचा कांदा चाळीत होता. संसदेचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. तरी निर्णय झाला तो एका खात्याच्या कागदानं, आणि दुसऱ्या दिवसापासून अमलात आला.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी कर्त्याचा असतो. शाळेत वाक्याचं व्याकरण चालवायचो, तसंच मथळ्याचं चालवा. "बंदी उठली", "नियम लागू झाला", "निर्बंध कडक होणार" या वाक्यांत करणारा दिसतच नाही. त्याला शोधून वाक्य कर्तरी प्रयोगात पुन्हा लिहा. अमेरिकेत तो बहुतेक वेळा तिघांपैकी एक निघतो. लोकांनी निवडून दिलेलं कायदेमंडळ, म्हणजे वॉशिंग्टनची काँग्रेस किंवा त्या त्या राज्याचं विधिमंडळ. सरकारी खातं, बंदुकांच्या बाबतीत बहुधा एटीएफ, म्हणजे दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकांचं केंद्रीय खातं. किंवा न्यायालय. बातमी विधेयकाची असेल तर काँग्रेसच्या संकेतस्थळावर त्याचा क्रमांक टाकून ते नुसतं मांडलं गेलंय की एका सभागृहात मंजूर झालंय ते बघा. मांडली जाणारी बहुतेक विधेयकं समितीतच पडून राहतात, तरी मथळा "बंदी येणार" असाच येतो. खात्याचा नियम फेडरल रजिस्टर नावाच्या सरकारी राजपत्रात सापडतो. निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्याच सकाळी येतो, फुकट.

आता भाच्याची बातमी. खटला गारलँड विरुद्ध कारगिल, क्रमांक २२-९७६. १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमध्ये एका माणसानं हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून खालच्या संगीत महोत्सवावर गोळ्या झाडल्या. ६० माणसं गेली. त्यानं रायफलींना बंप स्टॉक लावले होते. बंप स्टॉक म्हणजे रायफलीचा सरकता दस्ता. बार उडाला की धक्क्यानं रायफल मागं सरकते, दुसऱ्या हाताच्या रेट्यानं पुढं येते आणि जागेवर ठेवलेल्या बोटावर चाप पुन्हा आपटतो. गोळ्या मशीनगनसारख्या भराभर सुटतात.

यानंतर काँग्रेस कायदा करू शकली असती. तो झाला नाही. एटीएफनं त्याआधी दहाहून जास्त वेळा लेखी कळवलं होतं की बंप स्टॉक लावलेली सेमी-ऑटोमॅटिक रायफल (चाप एकदा ओढला की एकच गोळी सोडणारी) ही मशीनगन नव्हे. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच खात्यानं नियम काढला की ती मशीनगनच आहे. २६ मार्च २०१९ पर्यंत बंप स्टॉक मोडा किंवा जमा करा, नाहीतर दहा वर्षांपर्यंत कैद. कायद्याचं एक अक्षरही बदललं नव्हतं. खात्याच्याच पत्रावर भरवसा ठेवून ज्यांनी ती वस्तू घेतली होती, ते तारीख उलटताच गुन्हेगार ठरणार होते. टेक्सासातल्या ऑस्टिनचे बंदूक विक्रेते मायकेल कारगिल यांनी आपले दोन बंप स्टॉक निषेध नोंदवून जमा केले आणि दावा लावला.

निकाल उघडला की आधी सिलॅबस हा सारांश वाचा. तो न्यायाधीशांनी लिहिलेला नसतो, पण वाट दाखवतो. मग न्यायालयासमोर प्रश्न नेमका कोणता होता ते एका वाक्यात वहीत उतरवा. इथं प्रश्न १९३४ च्या कायद्यातल्या व्याख्येचा होता: चापाच्या एकाच क्रियेत आपोआप एकाहून जास्त गोळ्या सुटतात का? न्यायमूर्ती थॉमस यांच्या निकालपत्रात चापाच्या आतल्या यंत्रणेची चित्रं आहेत, ती सावकाश बघा. दर गोळीमागं चाप सुटतो आणि पुन्हा बसतो, म्हणून व्याख्या लागू होत नाही, असं सहा न्यायमूर्तींनी ठरवलं. तिघांनी उलट मत दिलं. घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीचा, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा, प्रश्न या खटल्यात नव्हताच. मशीनगनवरचे निर्बंध होते तिथंच राहिले. न्यायमूर्ती ॲलिटो यांनी वेगळ्या छोट्या टिपणात लिहिलं की लास व्हेगासनं कायदा बदलण्याची गरज दाखवली असेल, पण त्यानं कायद्याचा अर्थ बदलत नाही. तो काँग्रेसनं बदलावा.

आता मथळा कर्तरीत लिहून बघा. "काँग्रेसनं न दिलेला अधिकार एटीएफनं वापरला, तो सर्वोच्च न्यायालयानं काढून घेतला." भाच्याच्या पट्टीवरच्या वाक्यापेक्षा हे किती वेगळं आहे! आणि तो नियम ट्रम्प सरकारच्या काळातला होता हेही लिहून ठेवा. सरकारची मर्यादा ओलांडणारा आपल्या आवडीच्या पक्षाचा निघाला की माणसं गप्प बसतात. मला ते चालत नाही.

दुसरं काम म्हणजे थांबणं. गोळीबाराच्या पहिल्या दिवसाची बातमी जवळजवळ पूर्णपणे पोलिसांच्या तोंडची असते. २४ मे २०२२ ला टेक्सासातल्या युवाल्डी गावच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. शाळेच्या पोलीस अधिकाऱ्यानं हल्लेखोराला दाराशी अडवलं होतं, असं सुरुवातीला सांगितलं गेलं. एका शिक्षिकेनं दार उघडं ठेवलं, असंही सांगितलं गेलं. दोन्ही मागं घ्यावं लागलं. दार तिनं ओढून घेतलं होतं, कुलूप लागलं नव्हतं. गव्हर्नर ॲबट यांनी पोलिसांच्या धैर्याचं कौतुक केलं आणि नंतर आपली दिशाभूल झाल्याचं सांगितलं. पुढं विधिमंडळाच्या समितीचा अहवाल आला. एकूण ३७६ पोलीस आणि जवान तिथं पोचले होते, आणि हल्लेखोर आत शिरल्यापासून ७७ मिनिटं गेली तेव्हा तो मारला गेला.

हे उघड कोणी केलं, हा कर्ताही शोधाच. पत्रकारांनी. ऑस्टिनच्या दैनिकानं शाळेच्या आतल्या व्हरांड्यातलं चित्रण प्रसिद्ध केलं, माध्यमसंस्थांनी नोंदी मिळवण्यासाठी कोर्टात दावे लावले. "माध्यमं विकली गेलीत" असं म्हणणारे माझ्या विचारांच्या लोकांतही पुष्कळ आहेत. त्यांना मी युवाल्डीचं उदाहरण देते. सरकारचं म्हणणं जसंच्या तसं छापणारी बातमी आणि सरकारकडून कागद ओढून काढणारी बातमी यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, दुसरीचे पैसे भरून वर्गणीदार व्हा. पहिल्या दिवशी फक्त जागा, वेळ आणि मृतांची संख्या घ्या, तीही पेन्सिलीनं. कारण, हेतू, कोण शूर, कोण दोषी, हे आठवड्यानं.

आकड्यांपाशी थोडं बसा. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४६,७२८ माणसं गेली. त्यांतल्या २७,३०० आत्महत्या होत्या आणि खून सुमारे १८ हजार. पट्टीवर "बंदूक हिंसाचाराचे ४६ हजार बळी" एवढंच येतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं की रस्त्यावर इतकी माणसं मारली. आत्महत्येचं दुःख कमी नाही, पण तिचा उपाय वेगळा आहे. "मास शूटिंग" हा शब्द दिसला की व्याख्या विचारा. कोणी चार जणांना गोळी लागली की मोजतो, मग कोणी दगावो न दगावो. कोणी सार्वजनिक ठिकाणी तीन मृत्यू झाले तरच मोजतो. सरकारी आकडाही तपासा. २०१५-१६ या शालेय वर्षात सुमारे २४० शाळांत गोळीबार झाल्याचं केंद्राच्या शिक्षण खात्यानं छापलं होतं. एनपीआर या रेडिओच्या पत्रकारांनी शाळांना विचारून पडताळलं, तेव्हा त्यांना ११ घटनांचीच खात्री करता आली.

शब्दांचा घोटाळा तर रोजचा. एआर-१५ मधला एआर म्हणजे आर्मालाइट, ती रायफल बनवणारी मूळ कंपनी. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी. इतकं कळलं तरी निम्मे मथळे दुरुस्त होतात.

आता इथं राहणाऱ्यांसाठी. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर मित्रांसोबत रेंजवर जाऊन नेमबाजीचे फोटो काढण्याआधी थांबा. केंद्रीय कायद्यानं अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. मोजके अपवाद आहेत, त्यांतला नेहमीचा म्हणजे वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. मला हा कायदा पटत नाही, तरी वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

आणि कायद्यात लिहिलेलं व प्रत्यक्षातलं यांतलं अंतर स्वतःच्या वहीत मोजा. २०२० च्या जूनमध्ये मी बंदूक खरेदीच्या ओळखपत्रासाठी अर्ज केला. आमच्या भागात दागिन्यांसाठी भारतीयांची घरं फुटत होती. बोटांचे ठसे दिले, दोन ओळखीच्या माणसांची नावं दिली, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला सही दिली. राज्याच्या कायद्यात मुदत ३० दिवसांची. गावच्या पोलिसांकडून कार्ड आलं नोव्हेंबरात. दर फोनला "प्रक्रियेत आहे". प्रक्रिया चालवणारा कोण, हे कोणी सांगत नव्हतं. माझं काही बिघडलं नाही. पण २०१५ मध्ये याच राज्यातल्या बर्लिन टाउनशिपमध्ये एका बाईनं आधीच्या जोडीदाराविरुद्ध कोर्टाचा संरक्षण आदेश घेतला होता, घरात कॅमेरे लावले होते आणि पिस्तुलाच्या परवान्यासाठी २१ एप्रिलला अर्ज केला होता. ३ जूनला त्यानं तिला तिच्याच दारात भोसकून मारलं. परवाना आला नव्हता. त्या ४३ दिवसांची बातमी मी कापून ठेवली आहे.

आपल्या बाजूचे दावे जास्त कडक तपासा. "शिकागोत कायदे कडक आणि खून सर्वांत जास्त" हे वाक्य मीही वर्षानुवर्षं वापरलं. लोकसंख्येशी प्रमाण मांडलं तर सेंट लुईस, न्यू ऑर्लीन्स, बाल्टिमोर ही शहरं बरीच वर्षं शिकागोच्या वर आहेत. आता ते वाक्य मी वापरत नाही. फिलांडो कास्टिल यांचं नावही विसरू नका. जुलै २०१६, मिनेसोटा. गाडी थांबवल्यावर त्यांनी पोलिसाला सभ्यपणे सांगितलं की माझ्याजवळ बंदूक आहे. परवाना होता. पोलिसानं गोळ्या घातल्या आणि पुढं ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं. शस्त्राचा हक्क मानणाऱ्या प्रत्येकानं त्या दिवशी रस्त्यावर यायला हवं होतं.

भाच्यानं कारगिलचा निकाल महिन्याभरात शब्दकोश घेऊन वाचला. मग न्यायमूर्ती सोटोमायर यांचं विरोधी मतही वाचलं आणि त्याला तेच पटलं. बोट हलवलं नाही तरी गोळ्या सुटत राहतात, मग ती मशीनगन नाही तर काय, असं तो म्हणतो. "मावशी, उद्या काँग्रेसनंच बंदी घातली तर?" मी म्हटलं, मी माझ्या प्रतिनिधीला विरोधाचं पत्र लिहीन, मत देताना लक्षात ठेवीन, पण कायदा पाळीन, कारण तेव्हा मला दार ठोठावायला एक माणूस असेल. तो म्हणाला, "आणि ते साठ जण?" त्यावर त्या रविवारी आम्ही बराच वेळ बोललो. अजून बोलतो आहोत.