गर्भधारणेचे दिवस स्रावावरून कसे ओळखावेत

मूल हवं असलेल्या जोडप्याला बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: चौदाव्या दिवसाच्या आसपास संबंध ठेवा. पाळी नेमाने 28 दिवसांनी येणाऱ्यांनाही हा हिशेब दर महिन्याला लागू पडतोच असं नाही. 24 किंवा 35 दिवसांनी पाळी येत असेल, तर त्यात महिनेच्या महिने वाया जातात. खरं तर स्त्रीबीज सुटायची वेळ जवळ आली की शरीर स्वतःच ते दाखवतं.

ती खूण म्हणजे गर्भाशयमुखातून येणारा स्राव. बीज पक्व होताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं, त्यामुळे स्राव भरपूर, पातळ आणि निसरडा होतो. योनीतल्या आम्लामुळे शुक्रजंतू एरवी काही तासांत मरतात. या स्रावाच्या आधाराने मात्र ते गर्भाशयात पोचतात आणि 5 दिवसांपर्यंत तग धरू शकतात. सुटलेलं बीज फार तर 24 तास टिकतं. म्हणून बीज सुटण्याआधीचे 5 दिवस आणि सुटण्याचा दिवस, एवढेच 6 दिवस कामाचे. नंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक वाढतं आणि स्राव घट्ट होऊन वाट बंद करतो.

पाळी थांबली की निरीक्षण सुरू करा. लघवीला जाल तेव्हा आधी स्वच्छ टिश्यूने किंवा धुतलेल्या बोटाने योनीमुखाशी पुसून बघा. बोट आत घालायची गरज नाही. पुसताना कोरडं लागतं, ओलं लागतं की बोट घसरतं, हे महत्त्वाचं. मग स्राव अंगठा आणि तर्जनीत धरून ताणा. दिवसभरात जे सगळ्यात ओलं, निसरडं दिसलं ते रात्री एका शब्दात लिहा. घरभर सगळ्यांना दिसणाऱ्या कॅलेंडरपेक्षा मोबाइलमधली नोंद बरी.

साधारणपणे आधी कोरडे दिवस, मग चिकट आणि लगेच तुटणारा स्राव, मग मलईसारखा पांढरट, आणि शेवटी कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा पारदर्शक, दोन-तीन सेंटीमीटर किंवा जास्त ताणला जाणारा. अशा स्रावाचा शेवटचा दिवस आणि बीज सुटण्याचा दिवस बहुधा एकमेकांच्या जवळ असतात. पण तो शेवटचा होता हे दुसऱ्या दिवशीच कळतं! म्हणून त्याची वाट बघू नका. ओलसरपणा जाणवायला लागल्यापासून रोज किंवा दिवसाआड संबंध ठेवा.

पहिल्याच महिन्यात सगळं उमगेल असं नाही, दोन-तीन चक्रं द्या. संबंधानंतर दुसऱ्या दिवशीचं वीर्य स्रावासारखंच दिसतं. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी आणि बीज वाढवण्यासाठी देतात त्या क्लोमिफेननेही स्राव कमी होऊ शकतो. पीसीओएस (बीजकोषाचा विकार, ज्यात पाळी अनेकदा अनियमित होते) असेल तर ओले दिवस पुन्हा पुन्हा येतात आणि बीज सुटतंच असं नाही. तिथे सोनोग्राफीचा आधार घ्यावा. संबंधाच्या वेळी वापरायची बाजारातली बरीच वंगणं (लुब्रिकंट) शुक्रजंतूंची हालचाल मंदावतात, ती या दिवसांत टाळा.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणून कितीतरी जणी महिन्याच्या मध्यावरच्या या स्रावाला घाबरतात, अशक्तपणा समजून टॉनिक घेतात, साबणाने आतून धुतात. हा स्राव निरोगी आहे. आतून धुऊ नका, त्याने उलट जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. खाज, आग, दह्यासारख्या गुठळ्या, हिरवट रंग किंवा माशासारखा वास असेल, तर मात्र न लाजता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

मूल नको असेल तर केवळ या खुणेवर विसंबू नका. त्यासाठी रीतसर प्रशिक्षण आणि काटेकोर शिस्त लागते.

वय 35 च्या आत असेल तर वर्षभर, 35 किंवा त्याहून जास्त असेल तर 6 महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करून घ्या. पाळी फारच अनियमित असेल तर तेवढंही थांबू नका. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत करा. ती सोपी आहे, स्वस्त आहे, आणि बायकोच्या सगळ्या तपासण्या होईपर्यंत लांबणीवर टाकायचं काहीच कारण नाही.