दूरच्या छोट्या गावी बिऱ्हाड हलवायचं का? निर्णय कसा घ्यावा

शहर सोडून लांबच्या एखाद्या लहानशा गावी राहायला जावं, हा विचार बहुतेकांना सुट्टीत सुचतो. चार दिवस मोकळी हवा मिळते, मुलं दिवसभर बाहेर हुंदडतात, आणि परतीच्या वाटेवर गाडीत कोणीतरी म्हणतं, "इथेच राहिलो तर?" प्रश्न चांगला आहे, मनापासून विचारलेलाही आहे. फक्त तो विचारणाऱ्याने गाव सुट्टीतलं पाहिलेलं असतं. त्या चार दिवसांत शाळेची घाई नसते, रात्री अचानक ताप चढलेलं मूल नसतं आणि ऑफिसची मीटिंग चालू असताना गेलेली वीजही नसते.

डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानमन या संशोधकांनी १९९८ मध्ये याच्याशी जवळचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातले आणि कॅलिफोर्नियातले विद्यार्थी त्यांनी निवडले. स्वतःच्या आयुष्याबद्दलचं समाधान दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. पण आपल्यासारखीच माणसं कुठे जास्त समाधानी असतील, असं विचारल्यावर दोन्ही गटांनी कॅलिफोर्नियाकडे बोट दाखवलं. तुलना करायला बसलं की हवामानासारखे ठळक फरक डोळ्यांत भरतात, पण रोजच्या जगण्यात त्यांचा वाटा तेवढा मोठा नसतो. जागा निवडताना आपण सगळेच इथे फसतो, म्हणून निर्णय रोजच्या दिवसावर आणून ठेवायचा. तो कसा आणायचा, ते पुढे क्रमाने सांगतो.

१. जायचं कशासाठी, ते प्रत्येकाने वेगवेगळं लिहा

एकत्र बसून लिहू नका. एकत्र बसलं की सगळ्यात उत्साही माणसाचं मत सगळ्यांचं होऊन जातं. प्रत्येकाने आपापल्या कागदावर दोन गोष्टी लिहाव्यात: इथलं काय नकोसं झालंय आणि तिथे काय हवंय. मग "नकोसं" या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे विचारा की शहर न सोडता हे सुटेल का. रोजचा तीन तासांचा प्रवास नकोसा असेल, तर ऑफिसजवळ घर घेऊन तो सुटतो. साहेब नकोसा असेल, तर नोकरी बदलता येते. नवराबायकोत अबोला असेल, तर तो सामानाबरोबर ट्रकमध्ये चढतो आणि नव्या घरी बोलायला तिसरं माणूसही जवळ नसतं. हे सगळं वजा करून जे उरेल, तेवढंच जाण्याचं खरं कारण.

२. प्रत्येकाचा एक मंगळवार लिहून काढा

माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. तिथे गेल्यानंतरच्या सहाव्या महिन्यातला एक साधा मंगळवार घ्या. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, तासातासाचा, आणि घरातल्या प्रत्येकाचा वेगळा. कोण कुठे जाईल, कोणाच्या गाडीने जाईल, दुपारी कोणाशी बोलेल?

हे लिहिताना एक गोष्ट हटकून दिसते. ज्याला जायचं असतं त्याचा दिवस फारसा बदलत नाही, किंवा सुधारतो. बदल दुसऱ्याच्याच वाट्याला येतो. जोडीदाराची नोकरी सुटते आणि त्या क्षेत्रातली दुसरी आसपास नसते. गाडी न चालवणारी आजी शहरात बसने मैत्रिणीकडे जायची, ती आता कोणी सोडेल तेव्हाच घराबाहेर पडते. चौदा वर्षांच्या मुलाचं सगळं जग त्याच्या मित्रांमध्ये असतं आणि ते मागे राहतं. लहान मुलं रुळतात, पण किशोरवयात मुळं हलवणं जड जातं. त्या वयाच्या मुलाने "चालेल" म्हटलं तर त्यावर विसंबू नका. वेगळं बसवून, घाई न करता विचारा.

माझं मत स्पष्ट आहे: ज्याचा मंगळवार सर्वात जास्त बिघडणार, त्याचं मत सर्वात वजनदार धरायचं. पगार कोणाचा मोठा, यावर हे ठरू नये.

शाळा बघताना इमारतीपेक्षा पुढची वर्षं बघा. एकाच वर्गात दोन-तीन इयत्ता बसतात का? विज्ञान-गणिताचे शिक्षक टिकतात का? मुलाला शिकण्यात विशेष मदत लागत असेल, तर ती देणारं माणूस गावात आहे की महिन्यातून एकदा येतं? आणि वरच्या इयत्ता कुठे आहेत? सोळाव्या वर्षी मुलाला शिकायला दुसरीकडे ठेवावं लागणार असेल, तर सगळ्यांनी जास्त वेळ एकत्र राहावं म्हणून हलवलेलं घर थोड्याच वर्षांत विभागलं जातं. हे आधीच समोर मांडा.

३. दवाखान्याचं अंतर घड्याळाने मोजा

किलोमीटर विसरा. रात्री दोन वाजता, खराब हवेत किती मिनिटं लागतात ते विचारा. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाहून येत असेल, तर तिच्या येण्याचा आणि नेण्याचा असा दोन्ही वेळ धरा.

पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन व्हावा लागतो. म्हणजे स्कॅनचं यंत्र असलेल्या रुग्णालयापर्यंतचा वेळ मोजायचा, जवळच्या दवाखान्यापर्यंतचा नाही. हृदय बंद पडल्यास, छाती दाबणं आणि विजेचा झटका मिळाला नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. तिथे कुठलीच रुग्णवाहिका वेळेत पोचत नाही. मदत जवळच्याच माणसाला करावी लागते. म्हणून दूर राहायला जायचं ठरलं, तर घरातल्या सगळ्या मोठ्यांनी छाती दाबून प्राथमिक उपचार करायला शिकलंच पाहिजे. मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबायचं असतं, आणि सरावाशिवाय ते जमत नाही.

मग घरातल्या आजारांची यादी करा. डायलिसिस सहसा आठवड्यातून तीनदा असतं आणि एका वेळेला सुमारे चार तास लागतात. केंद्र दोन तासांवर असेल, तर आठवड्यातले तीन दिवस त्यातच जातात. गरोदरपण असेल, तर रात्री-अपरात्री शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय जवळ कुठे आहे ते विचारा. रोजच्या औषधांपैकी एखादं थंड ठेवावं लागत असेल, तर ते येतं कसं आणि वीज गेल्यावर राहतं कसं?

उत्तरं समाधानकारक नसतील, तर बाकीच्या पायऱ्या कितीही छान जमल्या तरी थांबा. इथे सरासरी काढता येत नाही.

४. पोटापाण्याचं काय

घरून काम करायची परवानगी आहे, एवढ्यावर घर हलवू नका. ती लेखी घ्या आणि त्यात जागेचा उल्लेख आहे का ते बघा. मग कठोर होऊन विचारा: हीच नोकरी उद्या गेली तर? शहरात दुसरी शोधताना पत्ता बदलावा लागत नाही, लहान गावात बहुधा बदलावा लागतो. सहा महिने पगाराविना निघतील एवढी पुंजी हाताशी नसेल, तर आधी ती जमवा.

इंटरनेटचा वेग जाहिरातीवरून ठरवू नका. ज्या घरात राहणार त्याच्या शेजाऱ्याकडे संध्याकाळी, सगळे घरी असताना, व्हिडिओ कॉल लावून बघा. केबल पोचलेली नसेल तर उपग्रहाचा पर्याय असतो, पण त्यातही भेद आहे. स्थिर भासणारे जुन्या पद्धतीचे उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतात. तिथून संदेश जाऊन उत्तर यायला साधारण अर्धा सेकंद लागतो, आणि बोलताना दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात. खालच्या कक्षेतले, सुमारे ५५० किलोमीटरवरचे, बरेच चपळ आहेत. दोन्हींना वीज लागते, त्यामुळे बॅटरीचा खर्चही धरा.

५. सर्वात वाईट ऋतूत जाऊन राहा

कुठे पावसात पूल पाण्याखाली जातो, कुठे बर्फाने रस्ता बंद होतो, कुठे उन्हाळ्यात विहीर आटते. गावकऱ्यांना विचारा, "नको नको होतं ते कधी?" आणि त्याच दिवसांत दोन-तीन आठवडे भाड्याने राहा. रजा टाकून जाऊ नका. काम तिथूनच करा, मुलांचा अभ्यासही तिथेच होऊ द्या.

तिथल्या लोकांशी बोला, पण गाव सोडून गेलेल्यांनाही शोधून भेटा. जे आहेत त्यांना गाव आवडतं, म्हणूनच ते आहेत. सोडून गेलेले लोक मात्र एखादं माणूस, रस्ता, शाळा असं नेमकं कारण सांगतात. लहान गावात अडचणीला माणसं धावून येतात, आणि तीच माणसं तुमच्या दाराशी कोण आलं तेही बघतात. एकाशी बिनसलं तर त्याला टाळायला दुसरी गल्ली नसते. भाषा, धर्म किंवा राहणी यामुळे तुमचं कुटुंब वेगळं दिसणार असेल, तर आधी तसं कोणी तिथे राहिलंय का आणि त्यांच्या मुलांचं शाळेत कसं गेलं, हे नक्की विचारा.

६. घर विकू नका, घेऊ नका

निदान पहिलं वर्ष तरी. लहान गावात गिऱ्हाईक थोडं असतं, त्यामुळे घेतलेलं घर पुन्हा विकायला फार वेळ लागू शकतो.

खर्च मांडताना दुसरी गाडी, इंधन आणि दुरुस्तीला लांबून येणारा माणूस धरा. सेप्टिक टँक असेल तर तो साधारण तीन ते पाच वर्षांनी उपसावा लागतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी दरवर्षी जीवाणू आणि नायट्रेटसाठी तपासून घ्या. घरात तान्हं बाळ असेल तर हे टाळूच नका. जास्त नायट्रेटचं पाणी सहा महिन्यांखालच्या बाळाला घातक ठरू शकतं, आणि उकळून नायट्रेट जात नाही. उलट, पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं.

७. परतीच्या अटी आधी लिहा

जायचं ठरलं तर निघण्यापूर्वीच एक तारीख ठरवा. वर्ष किंवा दीड वर्ष. त्या तारखेला काय दिसलं तर परत फिरायचं, तेही लिहा: मुलाला एकही मित्र झालेला नाही, जोडीदाराला काम मिळालेलं नाही, आजीची तब्येत खालावली आहे. परतीच्या सामानाचे आणि नव्या भाड्याच्या अनामतीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यांना हात लावू नका. परत यायला पैसे नाहीत, एवढ्याच कारणाने घरातलं एखादं माणूस तिथे कुढत राहू नये.

सहावा महिना लागला की जुने कागद काढा. प्रत्येकाने गेल्या आठवड्यातला मंगळवार जसा गेला तसा लिहावा आणि निघण्यापूर्वी लिहिलेल्या मंगळवाराशेजारी ठेवावा. घरात जो सर्वात कमी बोलतो, त्याला आधी वाचू द्या.