काटेरी कोळ्याची जात ओळखायची तर रंगावर जाऊ नका

पावसाळा सरत आला की आरे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पायवाटांवर काटेरी कोळ्यांची गोल जाळी दिसू लागतात. चौकटीच्या दोऱ्यांवर पांढऱ्या रेशमाचे बारीक गोंडे आणि मधोमध करंगळीच्या नखाएवढी मादी. कोणीतरी फोटो ग्रुपवर टाकतं, दुसरं कोणीतरी रंग बघून नाव सांगतं आणि ते नाव पुढे नोंदीत जातं. अशा नोंदींचा काहीही उपयोग नाही. अमेरिकेतल्या काटेरी कोळ्याची गॅस्टरअकँथा कँक्रिफॉर्मिस (पहिला शब्द वंशाचं नाव, दुसरा जातीचं) ही एकच जात पांढरी, पिवळी, नारिंगी अशी कुठल्याही रंगात सापडते. आपल्याकडची थेलाकँथा ब्रेविस्पिना तर करडी, तपकिरी, काळी, पांढरी अशी नाना रूपं घेते.

‘काटे मोजा’ हा सल्लाही तितकाच कुचकामी. या गटात बहुतेक माद्यांना सहाच काटे असतात: पुढची जोडी, मधली जोडी, मागची जोडी. पाहायचं ते काट्यांची लांबी, जाडी, बुंध्याची रुंदी आणि रोख.

फोटो काढायला सकाळी वारा पडलेला असताना जा. पाठ कडक आणि चकचकीत असते, म्हणून फ्लॅशवर ट्रेसिंग पेपर लावा.

आता खरा अवघड भाग. मलाही सुरुवातीला सगळ्यात जास्त इथेच झगडावं लागलं. जाळं थोडं कललेलं असतं आणि कोळी त्याच्या खालच्या बाजूला डोकं खाली करून टांगलेला असतो. म्हणजे पाठ जमिनीकडे, पोट जाळ्याकडे. उभ्याने काढलेल्या फोटोत पाठ तिरपी येते आणि तिरप्या फोटोत मागचे काटे हमखास आखूड दिसतात. त्यावरून लांबी लिहिली की सगळं वर्णन खोटं ठरतं. त्यामुळे खाली बसा आणि कॅमेरा पाठीला अगदी समांतर धरा. मधल्या जोडीची दोन्ही टोकं एकाच वेळी स्पष्ट आहेत का? पाठीच्या पुढच्या कडेचे खळगे आणि मागच्या काट्यांची टोकंही तितकीच स्पष्ट आहेत का? नसतील, तर तो फोटो मोजमापाला घेऊ नका, कितीही सुंदर आला असला तरी.

एवढ्यावर काम भागत नाही. काटे बरेचदा वरच्या बाजूला उचललेले असतात आणि पाठीवरून काढलेल्या फोटोत ती उचल दिसतच नाही. म्हणून बाजूने एक फोटो हवाच. तिसरा पोटाचा, जाळ्याच्या दुसऱ्या बाजूने, जाळ्यातूनच. हे तीन फोटो नसतील तर जात ठरवण्याचा आग्रह धरू नका, असं माझं ठाम मत आहे. आणि त्यासाठी कोळी उचलायची अजिबात गरज नाही. राष्ट्रीय उद्यानातून तर वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीच उचलता येत नाही.

लिहिताना ‘मोठे काटे’ असं लिहू नका. काटे सोडून पाठीची रुंदी मोजा आणि प्रत्येक जोडी त्या रुंदीच्या किती हिश्शाची आहे ते लिहा. मग पाठीवरचे खळगे. आतले स्नायू जिथे चिकटलेले असतात तिथल्या या खुणा. मधले चार कसे मांडलेले आहेत, कडेच्या ओळीत किती आहेत, त्यांचा आकार गोल की लांबट, ते टिपा. रंग शेवटी.

आता नावं. गॅस्टरअकँथा जेमिनाटाचं वर्णन डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७९८ मध्येच करून ठेवलं आहे. तिच्या पाठीवर फिकट आणि गडद आडवे पट्टे, मधली जोडी इतर दोन्हींपेक्षा उघड लांब आणि दणकट. थेलाकँथा ब्रेविस्पिनाचे सगळेच काटे आखूड असतात आणि मधली जोडी रुंद, शंकूसारख्या बुंध्यावर बसते. गॅस्टरअकँथा कुहली काळी-पांढरी, काटे काळे. पण मुंबईतल्या प्रत्येक काळ्या-पांढऱ्या फोटोला हे नाव चिकटवू नका, आधी ब्रेविस्पिना नाही ना ते पाहा. लांबच लांब, कमानीसारखे वळलेले मधले काटे असतील तर ती मॅक्राकँथा आर्क्युएटा. जुन्या नोंदींत हीच गॅस्टरअकँथा म्हणून सापडते, तेव्हा चालू नाव स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संग्रहालयाच्या वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग या कोळ्यांच्या नावांच्या यादीत तपासून घ्या.

पोटाच्या फोटोत पुढच्या भागात एपिगाइन, म्हणजे मादीच्या जननछिद्रावरची कडक रचना, दिसली नाही तर ते पिल्लू असू शकतं. पिल्लांच्या काट्यांचं प्रमाण वेगळं असतं, ते मोठ्या मादीशी ताडून पाहू नका. नर जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, काटे नावापुरते. त्याची जात पाठीवरून ठरवूच नका.

शंका उरली तर ‘काटेरी कोळी, मादी, जात अनिश्चित’ असं लिहा आणि ठिकाण, तारीख, जाळ्याची जमिनीपासूनची उंची आणि तिन्ही फोटो सोबत जोडा.