विद्यार्थ्यांकडून डिझाइन करून घेताना संस्थेनं काय ठरवावं

जुलैत सुरू होणाऱ्या सत्रात प्रकल्प बसवायचा तर डिझाइन कॉलेजशी बोलणं मे महिन्यातच सुरू करा. सत्र उघडल्यावर गेलात तर शिक्षकांचे विषय ठरलेले असतात. गणपती, सबमिशन, ज्युरी (परीक्षकांसमोर काम मांडणं) आणि दिवाळी वजा केली की हातात जेमतेम बारा आठवडे राहतात.

कुठे जायचं हे कामावरून ठरतं. उपकरण, वस्तू किंवा ॲपसाठी पवईचं आयडीसी (आयआयटीतला १९६९ पासूनचा डिझाइन विभाग), पोस्टर, वेष्टन, माहितीपत्रकासाठी सर जे.जे. कलासंस्थेचा उपयोजित कला विभाग, कपड्यांसाठी खारघरचं निफ्ट हे फॅशन कॉलेज. फुकटात लोगो उरकायचा असेल तर मात्र कुणाकडेच जाऊ नका. सरळ व्यावसायिक डिझायनरला पैसे द्या.

ब्रीफ, म्हणजे काय काम हवं ते सांगणारा कागद, एका पानाचं लिहा आणि त्यात अडचण मांडा, उत्तर नको. ‘आम्हाला ॲप हवं’ हे उत्तर झालं. ‘परळच्या रुग्णसेवा केंद्रात बाहेरगावाहून आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला गेटपासून नोंदणीच्या खिडकीपर्यंत कुणाला न विचारता जाता यावं’ ही अडचण. वेबसाइट, पाट्या, पत्रक एकाच सत्रात कोंबलं की तिन्ही अर्धवट राहतात.

गट चौघांचा पुरे. संस्थेकडून एकच माणूस नेमा, आठवड्याला दोन तास देणारा आणि ‘हो’ म्हणायचा अधिकार असलेला. बहुतेक प्रकल्प इथेच फसतात: मुलं तीन महिने कार्यकर्त्याशी बोलतात आणि विश्वस्त शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा काम बघून रंग बदला म्हणतात. विश्वस्तांना चौथ्या आणि आठव्या आठवड्यात बोलवा, त्यानंतर नाही.

पहिले तीन आठवडे नुसतं बघायचं. मुलं लोकलची गर्दी टाळून दुपारी येतात, तेव्हा केंद्र शांत असतं. खिडकीवरची रांग सकाळी आठची असेल तर त्यांनी आठलाच यायला हवं. हे ब्रीफमध्येच लिहा. रुग्णांचे फोटो परवानगीशिवाय नकोत. पाचव्या आठवड्यापासून कागद आणि सनबोर्डवर (फोमच्या हलक्या बोर्डवर) खऱ्या मापाच्या पाट्या करून प्रत्यक्ष भिंतीवर लावा आणि पाच-सहा नातेवाइकांना वाट शोधायला सांगा. लॅपटॉपवर छान दिसणारी अक्षरं वीस फुटांवरून वाचता येत नाहीत, ते इथेच कळतं.

सामान, छपाई, प्रवासाचा खर्च संस्थेचा, आणि तोही आगाऊ. बिलं दिल्यावर पैसे मिळतील म्हटलं की मुलं चाचणीच्या प्रती छापायचं टाळतात.

हक्कांचा कागद काम सुरू होण्याआधी करा. कॉलेजचं स्वतःचं धोरण आहे का, ते आधी विचारा. तसं नसेल तर साधारणपणे कॉपीराइट निर्मात्याचा, म्हणजे विद्यार्थ्याचा. १९५७ च्या कायद्यानुसार तो लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतो. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि तसं वेगळं लिहिलं नसेल तर वर्षभर न वापरलेला हक्क विद्यार्थ्याकडे परत जातो. निधी येईपर्यंत काम फडताळात ठेवणाऱ्या संस्थांनी हे शेवटचं कलम दोनदा वाचावं. वस्तूच्या आकाराची डिझाइन कायद्याखाली नोंदणी करायची असेल तर अर्ज प्रदर्शनाआधी आणि इन्स्टाग्रामआधी गेला पाहिजे, नाहीतर नोंदणीला लागणारं नावीन्य संपतं. पोर्टफोलिओत काम दाखवायची मुभा मुलांना जरूर द्या.

ज्युरी गुणांसाठी असते, तयार कामाचं हस्तांतर तुमच्यासाठी. दोन्हींच्या तारखा वेगळ्या ठेवा, कारण ज्युरी झाली की मुलं गावी जातात. पीडीएफवर भागवू नका. बदलता येण्याजोगी मूळ फाइल, फॉन्ट आणि छपाईसाठी चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर सोडलेली जादा छपाई) असलेली प्रत मागा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर वेबसाइटवर चिकटवला की त्याची रोमन अक्षरांची खिचडी होते. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बलू’ (Baloo) यांसारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट घेतले की परवान्याचा खर्चही वाचतो. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवणारी सेटिंग) लावलेला नसेल तर वेलांटी आणि जोडाक्षरं फुटतात, म्हणून छापायच्या आधी मराठी वाचणाऱ्या माणसानं प्रूफ बघावं. शेवटी मुलांसमोरच तुमच्या ऑफिसातल्या कुणाला तरी एका पाटीवरचा फोन नंबर बदलून ती छापायला सांगा. जमलं नाही तर हस्तांतर अजून झालेलं नाही.