फाइल गेली म्हणजे पोहोचली असं नाही

कंपन्यांमधली फाइलींची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या टीममध्ये मी रुजू झालो, तेव्हा वाटलं होतं, इथून उचलायचं आणि तिथे ठेवायचं, यात शिकण्यासारखं काय असणार? तिसऱ्याच महिन्यात पगाराची एक फाइल अर्धीच प्रक्रियेला गेली. आमच्या लॉगमध्ये ट्रान्सफर यशस्वी होती. पण फाइल अजून चढत असतानाच समोरच्या सिस्टिमने फोल्डर तपासलं आणि तेव्हा दिसली तेवढी उचलली. यादीत शेवटी नावं असलेल्यांचे पगार त्या दिवशी जमा झाले नाहीत. ती रात्र मी विसरलेलो नाही.

उपाय साधा होता. फाइल तात्पुरत्या नावाने चढवायची, पूर्ण झाली की खरं नाव द्यायचं आणि समोरच्याने फक्त खऱ्या नावाच्याच फाइली उचलायच्या. जोडीला शेवटच्या ओळीत एकूण नोंदींची संख्या लिहायची, म्हणजे घेणाऱ्याला मोजून पाहता येतं. नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच शिकवतो, प्रोटोकॉल, म्हणजे फाइल पाठवण्याचे ठरलेले नियम, नंतर.

प्रोटोकॉलबद्दल एक गोंधळ मात्र लवकर मिटवा. एसएफटीपी आणि एफटीपीएस ही एकाच गोष्टीची दोन नावं नव्हेत. अभय भूषण यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या मूळ एफटीपीच्या वंशातला प्रोटोकॉल टीएलएस या कूटबद्धतेच्या आवरणात चालवला की एफटीपीएस होतो. एसएफटीपी एसएसएचवर, म्हणजे दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी करण्याच्या प्रोटोकॉलवर चालतो, सहसा २२ नंबरच्या एकाच पोर्टवर (जोडणीच्या दारावर), म्हणून फायरवॉलवाल्यांना तो सोपा जातो. एफटीपीएसला डेटासाठी वेगळी पोर्ट उघडावी लागतात, आणि पहिल्या जोडणीतले निम्मे फोन त्यासाठीच येतात.

एसएफटीपीने पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या किल्लीचा ठसा, म्हणजे तिची छोटी ओळखखूण, दिसतो आणि पुढे जायचं का, असं विचारलं जातं. तो दुसऱ्या मार्गाने, म्हणजे फोनवर किंवा आधी ठरलेल्या कागदपत्रांवरून, पडताळल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. घाईत ‘हो’ दाबलं, तर पलीकडे नेमकं कोण आहे हे न कळताच तुम्ही त्याला फाइल देता.

एएस२ हा कंपन्यांमधल्या देवाणघेवाणीचा आणखी एक प्रोटोकॉल. मला तो आवडतो पावतीसाठी. घेणारा सही केलेली पावती परत पाठवतो आणि तिच्यात मिळालेल्या मजकुराचा हॅश, म्हणजे त्या मजकुरावरून काढलेली छोटी खूण, असते. ‘आम्हाला मिळालंच नाही’ हा वाद तिथेच मिटतो.

वाट सुरक्षित असली तरी मुक्कामाचं काय? मे २०२३ मध्ये ‘मूव्हइट ट्रान्सफर’ या फाइल पाठवण्याच्या उत्पादनातल्या एसक्यूएल इंजेक्शनच्या (बाहेरून डेटाबेसला परस्पर आज्ञा घुसवता येण्याच्या) त्रुटीतून ‘क्लॉप’ टोळीने असंख्य संस्थांचा डेटा चोरला. वाटेतली कूटबद्धता कोणी फोडलीच नव्हती, हल्ला सर्व्हरच्या वेब भागावर झाला. म्हणून पोहोच मिळाली की सर्व्हरवरची फाइल काढून टाका, आणि नाजूक माहिती निघण्याआधीच घेणाऱ्याच्या पीजीपी किल्लीने, म्हणजे फक्त त्यालाच उघडता येईल अशा कूटबद्धतेने, बंद करा. सर्व्हर फुटला तरी हाती लागेल ती न उघडणारी फाइल. या किल्ल्यांच्या आणि प्रमाणपत्रांच्या मुदतींची नोंदवहीही ठेवा. त्या संपतात नेमक्या सुट्टीच्या दिवशी.

सरावाला दोन व्हर्च्युअल मशीन (एका संगणकात चालणारे आभासी संगणक) आणि ओपनएसएसएच हे एसएसएचचं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. एक मोठी फाइल पाठवा, मध्येच नेटवर्क तोडा आणि पलीकडच्या मशीनवर नेमकं काय उरलंय ते स्वतः पाहा. मग तीच फाइल पुन्हा पाठवा. या वेळी ती पूर्ण चढल्यावर जोडणी तोडा, पोहोच मिळण्याच्या आत. आता तिसऱ्यांदा पाठवायची की नाही, हे कशावरून ठरवाल ते लिहून काढा. मुलाखतीत मी हाच प्रश्न विचारतो.