सॉफ्ट कोरलचा रंग बदलला? आधी बघा, मग हात लावा

दुकानात निळ्या लाईटखाली टोडस्टूल (छत्रीसारखं दिसणारं, समुद्री पाण्याच्या टँकमध्ये पाळायचं सॉफ्ट कोरल, म्हणजे कडक सांगाडा नसलेलं प्रवाळ) हिरवंगार चमकत होतं, घरी आणलं आणि दोन महिन्यांत चहाच्या रंगाचं झालं, आता काय करू? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याने तोपर्यंत लाईट वाढवलेला असतो, आयोडीन टाकलेलं असतं, अर्धं पाणी बदललेलं असतं, सगळं एकाच आठवड्यात. प्लीज असं करू नका. रंग नेमका कुठल्या बाजूला गेलाय ते आधी ठरवा, कारण तपकिरी होणं आणि फिकट पडणं या दोन उलट्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही उलटे आहेत.

रंग येतो कुठून हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं. कोरलच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं एकपेशीय शेवाळ राहतं, ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. या शेवाळाचा रंग सोनेरी तपकिरी. लेदर (टोडस्टूल यातलंच), केनिया ट्री, झिनिया या सॉफ्ट कोरलांचा जो खाकी, बदामी रंग दिसतो तो बराचसा याचाच. त्यावर कोरलचे स्वतःचे रंग असतात, म्हणजे फ्लोरोसेंट प्रोटीन, जे निळा प्रकाश शोषून हिरवा, केशरी किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. असं हिरवं प्रोटीन ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमध्ये शोधलं आणि त्या कामासाठी २००८ चं नोबेल मिळालं, आणि लाल प्रोटीन १९९९ मध्ये सापडलं ते डिस्कोसोमात, म्हणजे आपल्या टँकमध्ये दगडाला चिकटून बसलेलं मशरूम असतं ना, त्याच्यात! मला हे अजूनही भारी वाटतं. (मशरूम आणि झोआ, म्हणजे दगडावर गुच्छाने वाढणारे झोअँथिड, शास्त्राप्रमाणे सॉफ्ट कोरल नाहीत, पण हॉबीत आपण त्यांना त्यातच धरतो, इथेही तसंच धरलंय.)

आता बघायचं कसं. लाईट नेहमीपेक्षा पांढऱ्यावर करा, पंप दोन मिनिटं बंद ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढा, दर रविवारी त्याच वेळी त्याच सेटिंगवर. निळ्या लाईटखाली जवळजवळ सगळंच चमकतं, त्यामुळे दुकानातला रंग आणि घरचा रंग यांची तुलना करून काहीच कळत नाही. कित्येकदा कोरल तसंच असतं, फक्त लाईट बदललेला असतो. दुसरी एक गोष्ट, भडक पिवळं किंवा गुलाबी लेदर स्वस्तात मिळत असेल तर सावध राहा, रंगवलेली कोरल आणि अ‍ॅनेमनी (समुद्रफुलं) विकली जातात आणि तो रंग काही आठवड्यांत उतरतो. खरं पिवळं लेदरही असतं, पण ते महाग आणि नाजूक असतं, नवीन टँकसाठी नाहीच.

लेदर असेल तर अजून एक शक्यता आधी बाजूला काढा. टोडस्टूल मधूनमधून कात टाकतं. पॉलिप, म्हणजे कोरलची फुलासारखी छोटी तोंडं, आत जातात, वर मेणासारखा चकचकीत थर येतो, रंग मळकट राखाडी होतो आणि आठवडाभर, कधी दोन-तीन आठवडेही, ते असंच बसून राहतं. हा आजार नाही. पाण्याचा फ्लो (प्रवाह) थोडा वाढवा म्हणजे तो थर सुटून जाईल, आणि हाताने ओरबाडू नका. माझ्याकडच्या टोडस्टूलने पहिल्यांदा असं केलं तेव्हा मी ते रोज उचलून जागा बदलत होतो आणि त्यामुळेच त्याला उघडायला जास्त वेळ लागला.

तपकिरी झालंय म्हणजे आतलं शेवाळ वाढलंय किंवा गडद झालंय. त्याची मुख्य कारणं दोनच, प्रकाश कमी किंवा पाण्यात खत, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट, जास्त. प्रकाश कमी असला की सोबत आकारही बदलतो, टोडस्टूलचं देठ लांब होतं, झोआ माना वर काढतात, मशरूम ताटासारखं पसरतं. लाईटची टक्केवारी वाढवण्याआधी साध्या गोष्टी बघा, लेन्सवर मिठाचा थर बसलाय का, टी-५ (बारीक फ्लोरोसेंट) ट्यूब वर्षभर जुन्या झाल्यात का, पाणी पिवळसर झालंय का. मग नायट्रेट आणि फॉस्फेट टेस्ट करा. सॉफ्ट कोरलच्या टँकला नायट्रेट ५ ते १५ पीपीएम (दहा लाखात किती भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम चालतं. त्याच्या बरंच वर असेल तर खाणं कमी करा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) साफ करा, दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला, आणि टॉप-अपच्या, म्हणजे उडालेल्याच्या जागी घालायच्या, पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) तपासा, आरओडीआय फिल्टरमधून येणारं पाणी शून्य दाखवायला हवं, घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी त्यासाठी पुरेसं शुद्ध नसतं.

फिकट पडणं जास्त काळजीचं, कारण तिथे शेवाळ कमी होतंय, म्हणजे कोरलचं जेवण कमी होतंय. कुठून फिकट झालंय ते बघा. फक्त वरचा, लाईटकडचा भाग पांढुरका आणि सावलीतला भाग ठीक असेल तर लाईट जास्त झालाय. बहुतेक सॉफ्ट कोरलला ५० ते १५० पार (वनस्पतींना वापरता येणारा प्रकाश मोजायचं माप) पुरतो, नवीन एलईडी पूर्ण ताकदीवर लावला की ते भाजतात. टक्केवारी खाली आणा, कोरल तळाशी ठेवा आणि नंतर दर आठवड्याला ५ टक्के वाढवा. यात एक छुपं कारण आहे जे लोकांच्या लक्षातच येत नाही, कार्बन. पिवळट पाण्यात एकदम भरपूर नवीन अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन टाकला की पाणी एका दिवसात काचेसारखं होतं, आणि लाईटला हात न लावता कोरलवर पडणारा प्रकाश वाढतो. कार्बन वापराच, लेदर पाण्यात जी रसायनं सोडतात त्यासाठी तो हवाच, पण थोडा थोडा टाका.

सगळीकडे सारखंच फिकट आणि पॉलिप बारीक झाले असतील तर बहुतेक उपासमार आहे. आपल्याकडे पाणी स्वच्छ ठेवायच्या नादात फॉस्फेट रिमूव्हर वापरून फॉस्फेट शून्यावर आणणारे खूप आहेत. रिमूव्हर काढा, माशांना थोडं जास्त खायला घाला.

आणि चार-पाच दिवसांत एकाच वेळी बरीच कोरल पांढरी पडायला लागली तर पहिला संशय तापमानावर. टँक २४ ते २७ अंशांत हवा. ठाण्यात मे महिन्यात बंद फ्लॅटमध्ये पाणी सहज ३१-३२ ला जातं, त्यात वीज गेली की फ्लोही थांबतो. पाण्यावर फॅन लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पण ते बाष्पीभवनावर चालतं, म्हणून पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात छान काम करतं आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाआधीच्या दमट हवेत कमी. इथे जमत असेल तर चिलर घ्याच. फॅन असेल तर सॅलिनिटी (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) रोज बघा, पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, भर घालायची ती गोड्या पाण्याची, लक्ष्य ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग).

आयोडीन किंवा इतर कुठलंही रंगाचं औषध टेस्ट किट असल्याशिवाय टाकू नका. एका वेळी एकच बदल करा आणि किमान दोन आठवडे थांबा. झोआंचा दगड हलवताना ग्लोव्हज आणि चष्मा घाला, त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबरदस्त विष असतं, तो दगड घासू नका आणि उकळू तर कधीच नका. एखादा भाग काळपट, लिबलिबीत होऊन वास मारत असेल तर ती सड आहे, तेवढा भाग धारदार ब्लेडने निरोगी मांसापर्यंत कापून लगेच टँकबाहेर काढा.

रंग परत यायला महिने लागतात. माझं टोडस्टूल उन्हाळ्यात फिकट पडलं होतं, त्याला पुन्हा बदामी व्हायला गणपती उजाडले, पण पॉलिप मात्र जुलैतच पूर्ण उघडायला लागले होते, आणि मी रोज सकाळी तेच बघत होतो.